खांद्यावरची टपली

जेवायला बसला आणि त्याच्या डाव्या खांद्यावर टपली पडली. त्याने डावीकडे पाहिलं. पाण्याचा पेला भरून ठेवलेला होता. बायको मागच्या मागे निघूनही गेली.

ही टपली गाडीवरची. तो कुरियरवाला, उभा जन्म मोटरसायकलवर गेलेला. धावत्या गाडीवर हेल्मेटमध्ये वारा असा घोंघावतो, की मागच्याचं बोलणं मागेच राहतं. घरी आलं तरी तो वारा कानात बराच वेळ वाजत राहायचा. म्हणून लग्न झाल्या झाल्याच दोघांनी खुणा ठरवल्या. डाव्या खांद्यावर टपली, डावीकडे वळा. उजव्या खांद्यावर, उजवीकडे. पाठीवर थाप, थांबा. रस्त्यावर ठीक होतं. पण घरात?

भांडण नाही, तंटा नाही, आणि हिने अबोला धरलेला. काय चुकलं, हेच त्याला उमगेना. विचारलं, तर ही पाठमोरी उभी राहून भांडी विसळत राहायची. मग तोही रुसला. तिच्या तोंडाकडे बघणंच सोडलं. घर नुसतं खायला उठायचं.

शेवटी त्याने डेपोत मन मोकळं केलं. तिथे गाड्यांच्या धडधडाटात सगळेच बेंबीच्या देठापासून बोलतात. दोस्त ओरडला, "गप्प झाली? अरे लेका, नशीब काढलंस. माझ्या बायकोला पण शिकव म्हणावं."

तो हसला. पण काम संपलं तरी डेपोतच रेंगाळत राहिला.

सुट्टीच्या दिवशी ती पिशवी घेऊन गाडीवर मागे बसली. झालं, चालली माहेरी, त्याच्या मनात आलं. माहेरची वाट पुलापासून उजवीकडे. पुलाशी येताच त्याने गाडी हळू केली आणि उजवा खांदा आखडून ठेवला.

टपली डाव्या खांद्यावर पडली.

थोडं पुढे गेल्यावर पाठीवर थाप. त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं. समोर पाटी होती, कानाच्या दवाखान्याची.

तो चक्रावला. वळून न बघताच म्हणाला, "कान दुखतोय होय तुझा? मग सांगायचं नाही? इतका परका झालो मी? एक शब्द तरी बोल ना गं."

मागून काहीच आलं नाही. त्याने मान वर केली, तशी नजर गाडीच्या आरशावर गेली.

आरशात तिचे डोळे भरून आले होते, आणि ओठ हलत होते. थांबतच नव्हते.