काळे म्हणजे कोण?

“मी काळे. मुलाखतीला आलेय,” महिला तुरुंगाच्या फाटकावर मी म्हणाले.

“काळे म्हणजे कोण तुम्ही?” शिपाईबाईंनी हसून विचारलं.

“पारधी.”

हसू गेलं, ‘तुम्ही’ही गेलं. “आई आत आहे की बहीण? त्या रांगेत बस.”

तुरुंगात नातेवाइकांच्या भेटीलाही मुलाखतच म्हणतात. मी समाजशास्त्राची प्राध्यापक. आमच्या बायका नुसत्या संशयावर वर्षानुवर्षं आत का, हे त्यांनाच विचारायला आले होते. पण बसले रांगेत.

तासाभराने जेलर माझं परवानगीपत्र हातात घेऊन धावत आले. “मॅडम, प्राध्यापक आहात हे आधी सांगायचं ना! ऑफिसात चला. चहा घ्या, मग मुलाखती सुरू करा.”

मी उठले नाही. “जात विचारली, जात सांगितली. आणि मुलाखती सुरू झाल्यात की! पहिली तुमच्या शिपाईबाईंची झाली.”