रेकॉर्डरचं नाव

रेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडला तर होता, पण उघडत नव्हता. पल्लवीने तिसऱ्यांदा वायर काढून लावली. पडद्यावर तेच उत्तर: परवानगी नाही.

माई दारात येऊन उभ्या राहिल्या. "गावलो गो, त्यांचो आवाज?"

थोडा वेळ लागेल म्हटल्यावर त्या मुकाट स्वयंपाकघरात परतल्या.

पल्लवीचे सासरे शंभू मास्तर जाऊन पंधरा दिवस झाले होते. डिचोलीच्या शाळेत त्यांनी मुलांना कॉम्प्युटरवर लिनक्स शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर मुळगावच्या या खोलीत तेच वेड जोपासलं. शेवटचा महिनाभर ते दार लावून या चिमुकल्या रेकॉर्डरशी काहीतरी पुटपुटत बसायचे. माईंना दुसरं काही नको होतं. नवऱ्याचा आवाज तेवढा एकदा ऐकायचा होता, आणि तो इथे सोडून कुठेच नव्हता. फोनवरसुद्धा हूं-हूं करणारा माणूस तो!

पल्लवी खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची, त्यामुळे हे काम तिच्या हातचं होतं. आणि माईंसाठी तिने काय केलं नसतं? लग्नात नवऱ्याच्या आत्या तिचं नाव बदलायला तांदळाचं ताट घेऊन सरसावल्या, तेव्हा एरवी तोंडातून शब्द न काढणाऱ्या या बाईने ताट उचललं आणि सरळ आत नेऊन ठेवलं. पल्लवी ती पल्लवीच राहणार, एवढंच बोलल्या. का, ते पल्लवीने कधी विचारलं नाही. सासू देवमाणूस मिळाली यातच ती खूश होती.

तिने नियमांची फाइल उघडली. कॉम्प्युटरचा स्वभाव मोठा विसराळू. जोडलेलं यंत्र तेच, पण आज एका नावाने ओळखेल, उद्या दुसऱ्याच. म्हणून लिहून ठेवावं लागतं, की या क्रमांकाचं यंत्र आलं की हेच नाव द्यायचं आणि अमक्यालाच उघडू द्यायचं. मास्तरांनी एकच नियम लिहिला होता. उघडायची मुभा फक्त स्वतःला. नाव, सुविधा.

सोय म्हणून ठेवलं असेल, असं तिला आधी वाटलं. तिने मुभा सगळ्यांना दिली, रेकॉर्डर काढून पुन्हा जोडला आणि आवाज नीट आहे ना बघावं म्हणून कानाला हेडफोन लावले.

"सुविधा," मास्तर म्हणाले. "आज घरात कोणी नाही, म्हणून तुझं नाव घेतोय. आईच्या धाकाने चाळीस वर्षं गिळून बसलो. आई गेली तरी जीभ उचलेना. इतका भित्रा निघालो मी. तू मात्र कधी बोल लावला नाहीस."

पल्लवीने हेडफोन ओढून काढले. पुढचं ऐकायची ताकद तिच्यात नव्हती. घरात, भावकीत, शेजारात सुविधा नावाचं कोणी नव्हतं. म्हणजे आईला न पटलेली कुणीतरी, आणि तिच्यासाठी हा माणूस म्हातारपणी दार लावून रडत होता! इकडे माई चाळीस वर्षं त्याच्यापुढे रोज गरम पेज ठेवत होत्या. पल्लवीच्या डोळ्यांत रागाचं पाणी आलं.

नुसती पुसलेली फाइल परत काढता येते, हे तिला ठाऊक होतं. तिने रेकॉर्डरमधलं सगळं वरून शून्यं भरत पुसलं, एकदा नव्हे, तीनदा. मग नियमातलं सुविधा खोडून तिथे माईंचं नाव लिहिलं, विनोदिनी. निदान या घरातल्या यंत्रावर तरी त्या बाईचं नाव नको.

"त्यात काही नव्हतं, माई," ती बाहेर येऊन म्हणाली. "रिकामाच होता."

माईंनी रेकॉर्डर हातात घेतला, पदराने पुसला.

"रिकामो कसो?" त्या म्हणाल्या. "जाताना म्हणालेले, तुझी एक वस्तू त्यात ठेवलेली आसा."

कसली वस्तू, पल्लवीने विचारलं.

"नाव गो. लग्नात सासूबायन तांदळात नवा नाव लिवल्यान, तेव्हापासून माझ्या पयल्या नावान माका कोणी हाक मारूक नाय. म्हायेरी कोरगावात बापाशीन हौशेन ठेवलेला," माई म्हणाल्या, "सुविधा."