दोघांची ॲडमिशन

शर्टाला इस्त्री नीट झाली नाही म्हणून बापाने सकाळी तापलेली इस्त्रीच आईच्या दंडावर टेकवली. धाकटा मध्ये पडला, तर त्याला उचलून कपाटावर आपटलं. पोराचा ओठ फाटला. "जिन्यावरून पडला म्हणायचं," असं बजावून तो बायको-मुलांना घेऊन जवळच्या शाळेत ॲडमिशनसाठी गेला.

परदेशात येऊन सहाच महिने झाले होते. तिथली भाषा घरात फक्त थोरलीला यायची, शेजारच्या मुलींबरोबर खेळून शिकलेली. त्यामुळे मुख्याध्यापिकाबाईंशी बोलायचं काम तिच्याकडेच आलं.

बाईंनी धाकट्याच्या ओठाकडे बघत काहीतरी विचारलं. थोरली बराच वेळ बोलत राहिली. आई मान खाली घालून बाही खाली ओढत होती. बाईंनी हसून बापापुढे कॉफी ठेवली आणि त्या फोन करायला शेजारच्या खोलीत गेल्या.

"एवढं काय सांगत होतीस गं?" बापाने विचारलं.

"धाकटा किती हुशार आहे ते."

"शाब्बास. मग, मिळतेय ना जागा?"

थोरली शेजारच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली. थोड्या वेळाने बाई परत आल्या आणि तिच्या कानाशी वाकून दोन वाक्यं बोलल्या. त्यांच्या मागोमाग दोन पोलीस आत येऊन बापाच्या खुर्चीमागे उभे राहिले. तेव्हा कुठे थोरलीने आईचा हात धरला आणि उत्तर दिलं.


"मिळाली, बाबा. शाळेत आम्हा दोघांना, आणि राहायला आम्हा तिघांना."