अर्धा श्वास

सकाळी सातच्या बातम्या लागल्या तेव्हा मंजिरी टिपणीस मेथी निवडत होत्या. रेडिओवर त्यांचाच आवाज होता. त्या वृत्तनिवेदिका म्हणून निवृत्त झाल्यावर आकाशवाणी केंद्राने त्यांची एकतीस वर्षांची ध्वनिमुद्रणं यंत्राला ऐकवली होती. तेव्हापासून बातम्या यंत्रच वाचायचं, मंजिरीताईंच्या आवाजात.

"गावावरच्या धरणाची भिंत सुरक्षित आहे. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये."

मंजिरीताईंचा हात थांबला. "अहो, ऐकलंत? 'सुरक्षित' म्हणायच्या आधी ते अडखळलं."

"श्वास घेतला असेल," पेपरातून मान वर न काढता श्रीपादराव म्हणाले.

"यंत्राला कशाला हवा श्वास? तो माझा आहे. खोटी बातमी वाचायला लागली, की माझा अर्धा श्वास असाच अडकायचा. इतक्या वर्षांत कुणाला कळलं नाही. यंत्राने तेवढं बरोबर उचललं! आणि धरणावरचे आकडे त्याला थेट मिळतात हो. मजकूर तेवढा वरून येतो."

त्यांनी केंद्राला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पूर्वी तिथे ड्युटीवरचा माणूस फोन उचलायचा. आज त्यांच्याच आवाजाने उचलला.

"खरं सांग, बाई," त्या म्हणाल्या. "भिंत फुटतेय का?"

"मंजिरीताई, घाबरण्यासारखं काही..." पलीकडे अर्धा श्वास अडकला. "नाही."

श्रीपादरावांच्या हातून पेपर गळून पडला. या वेळी तो अडकलेला श्वास त्यांनाही ऐकू आला होता.