तीन नावांची चिठ्ठी

"नाही जाणार मी." नऊ वर्षांच्या पोरीने तिसऱ्यांदा सांगितलं आणि खुर्चीची कड घट्ट धरली.

वर्गाच्या बाईंनी तिच्या आईपुढे अर्ज सरकवला. तुकडी बदलण्याचा. सही तेवढी राहिली होती.

"तिच्या भल्याचंच सांगते," बाई म्हणाल्या. "या वयात मुलांना आईबापांइतकेच सोबतीही लागतात. म्हणून मी दर सत्रात चिठ्ठ्या घेते. जवळच्या तीन मित्रमैत्रिणींची नावं लिहायची."

बाई हुशार होत्या, यात वाद नाही. गेल्या सत्रात चिठ्ठ्या वाचून दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाक बदलले, आणि वर्गातली बडबड निम्म्यावर आली. मुख्याध्यापकांनी पाठसुद्धा थोपटली होती.

"आमच्या मॉनिटरचंच बघा. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो, तरी सव्वीस चिठ्ठ्यांत त्याचं नाव. सगळ्यांचा लाडका." बाईंनी आवाज खाली आणला. "आणि हिचं नाव एकाही चिठ्ठीत नाही."

आईने पोरीकडे पाहिलं. रोज हट्टाने चौघींपुरता डबा भरून घेणारी ही पोर, मग खाते तरी कुणाबरोबर?

"वर्गात कुणी विचारत नाही, आणि तोरा पाहा," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या तुकडीत नव्याने सुरुवात होईल."

"नाही जाणार."

डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. आईला रडू येत होतं आणि ही हनुवटी वर करून बसलेली. आईने पेन उघडलं, पुन्हा टोपण लावलं आणि पोरीला दंडाला धरून व्हरांड्यात आणलं.

"एवढ्या मुलांत एकालाही तुझं नाव लिहावंसं वाटलं नाही?"

पोरीने आधी दाराकडे पाहिलं.

"बाईंना सांगणार नाहीस ना? शप्पथ?"

"शप्पथ."

"गेल्या वेळी आम्ही खरं लिहिलं होतं. बाईंनी सगळ्या जोड्या फोडल्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला. म्हणून या वेळी मीच सगळ्यांना सांगितलं, उलटं लिहायचं."

"उलटं म्हणजे?"

"ज्याच्याशी कट्टी, त्याचंच नाव."