सोक-होचा पेला

हे-रिनच्या पिशवीत अर्ज होता. नवरा मृत असल्याचं कोर्टाने जाहीर करावं, असा. त्यावर सासू-सासऱ्यांची सही कायद्याने लागत नव्हती. तिला लागत होती.

रविवारचं दुपारचं जेवण. बुटक्या मेजावर भाजलेला बांगडा, कालवांची भजी, सोजू दारूची हिरवी बाटली आणि चार पेले. चौथा सोक-होचा. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याची होडी उलटी सापडली होती. तो सापडला नव्हता. सासूबाई दर रविवारी मुलाचा पेला मांडत, सासरे भरत. पुढची फेरी आली की सासरे तो आधी स्वतः रिकामा करत, मग पुन्हा भरत. जित्या माणसाच्या भरल्या पेल्यात वरून कोणी ओतत नाही. तसं फक्त गेलेल्यांसाठी करतात, श्राद्धाला.

आजही त्यांनी तो एका घोटात संपवून भरून ठेवला.

“मुलाच्या नावावर बापाची चंगळ,” सासूबाई म्हणाल्या.

“डॉक्टरने माझे पेले मोजायला सांगितलेत. त्याचे नाहीत.”

सासूबाई भजी उलटायला आत गेल्या. सासऱ्यांनी आवाज उतरवला.

“परवा बुसानला दिसलीस, पोरी. बसस्टँडवर.”

हे-रिनची मान खाली गेली.

“तुझ्याबरोबरचा तो मुलगा सगळी छत्री तुझ्यावर धरून उभा होता. स्वतः भिजत होता, गाढव.” त्यांनी बांगड्याचा काटा काढून बाजूला ठेवला. “पिशवीत काय आहे? आल्यापासून मांडीखाली दाबून बसलीयस.”

“अर्ज आहे, बाबा. कोर्टाचा. आईंना विचारावं म्हणते.”

“विचारू नकोस. विचारलंस तर ती नाही म्हणेल. आणि एकदा म्हणाली, की ते ‘नाही’ तिलाच जन्मभर सांभाळत बसावं लागेल.”

सासूबाई ताटली घेऊन आल्या. पुढची फेरी सुरू झाली. हे-रिनने दोन्ही हातांनी बाटली धरून दोघांचे रिकामे पेले भरले. सासऱ्यांनी तिचा भरला. मोठ्यांसमोर पितात तसं तोंड बाजूला वळवून तिने तो संपवला.

सोक-होचा राहिला. सासऱ्यांनी तो उचलला नाही. बाटली उचलली आणि त्या भरलेल्या पेल्यात वरून थोडी ओतली.

“अहो, डोळे फुटले का? भरलेला दिसत नाही? माझा सोक-हो काय—”

वाक्य तिथेच थांबलं. पेल्यातली पातळी हलली आणि काठाच्या जरा खाली स्थिर झाली.

सासऱ्यांचा बाटलीचा हात पुढे जाईना, मागेही येईना. ते बायकोकडे बघत नव्हते. आत तव्यावर राहिलेलं भजं करपल्याचा वास आला. कोणी उठलं नाही.

मग सासूबाईंनी ॲप्रनला हात पुसले. गुडघ्यांवरच सरकत मेजाच्या त्या टोकाला गेल्या आणि नवऱ्याच्या हातातून बाटली काढून घेतली.

“तीनदा ओतायचं असतं,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला एक गोष्ट धड येत नाही.”