मुकी गोळी

आठ गोळ्यांचं मॅगझिन सुनेच्या हातात होतं आणि ते रिकामं करून बघायची तिची हिंमत होत नव्हती.

तयारीचा वेळ सुरू झाला होता. आजूबाजूचे नेमबाज गुडघे टेकून आपापल्या चटईवर सामान मांडत होते. जलद फेरी होती. आधी दोन गोळ्यांचं मॅगझिन, ते संपलं की झटक्यात आठांचं, आणि एका मिनिटात दहाही गोळ्या लक्ष्यात. संघात एकच जागा उरली होती आणि ती या मिनिटावर ठरणार होती.

दोन्ही मॅगझिनं सासूबाईंनी भरली होती. नेहमी त्याच भरायच्या. एके काळी याच रेंजवर त्यांच्यासमोर टिकणारं कुणी नव्हतं. सुनेच्या हातात पहिल्यांदा रायफल दिली तीही त्यांनीच. "आमच्याकडे सासू-सुनेचं वाजत नाही, दोघींकडे बंदुका आहेत ना," असं नवरा येईल त्याला ऐकवायचा.

सुनेला एक खोड होती. आता बार उडणार म्हटलं की ट्रिगर दाबायच्या आधीच तिचा खांदा दचकायचा आणि नेम ढळायचा. त्यावर सासूबाईंनी जालीम उपाय काढला होता. सरावाच्या वेळी त्या मॅगझिनमध्ये गुपचूप एक मुकी गोळी मिसळायच्या. आत दारू नसलेली, बुडाला लाल नेलपॉलिश लावलेली. कितवी ते सांगायच्या नाहीत. मुकी आली की नुसतं टक् व्हायचं, धक्का बसायचा नाही, आणि उगाच दचकलेला खांदा उघडा पडायचा. "पकडला चोर!" सासूबाई मागून ओरडायच्या.

स्पर्धेच्या दिवशी मुकी घरी राहायची. पण आज ती खरंच घरी राहिली होती का? सकाळपासून सुनेचा जीव याच प्रश्नात अडकला होता. गेल्या आठवड्यात सासूबाईंनी शेजारणीला तिच्या नवऱ्याची खुशाली विचारली होती. त्याला जाऊन वर्ष झालं होतं. आणि आज निघताना त्यांच्या एका पायात स्वतःची चप्पल होती, दुसऱ्या पायात मुलाची. सुनेनं ती बदलून दिली. नवऱ्याच्या कानावर तिनं हे आधीच घातलं होतं. "वय झालंय तिचं," एवढं म्हणून तो मोकळा झाला होता.

तिनं मान वळवून मागे बघितलं. दोरीपलीकडे सासूबाई खुर्चीच्या टोकाशी बसल्या होत्या. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. पापणीही न हलवता त्या सुनेच्या हातांकडे बघत होत्या.

बघताहेत, सुनेच्या मनात आलं. मी विश्वास ठेवते की नाही, तेच बघताहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक गोळी काढून बघायची म्हणजे चारचौघांत त्यांच्या थोबाडीत मारल्यासारखंच. पण मुकी निघाली तर नियमाप्रमाणे चूक नेमबाजाचीच, पुन्हा संधी नाही. जागा हातची जाणार. तिला रडू आल्यासारखं झालं, रागही आला. कुणाचा, ते तिचं तिलाच कळेना. तिनं मॅगझिन तसंच चटईवर ठेवलं.

"लोड!" पंचांचा हुकूम आला.

पहिल्या दोन गोळ्या कशा गेल्या ते तिला कळलंही नाही. रिकामं मॅगझिन खाली पडलं, दुसरं खटकन बसलं. ही मुकी असणार, तिला वाटलं. तिनं ट्रिगर दाबला. बार झाला. मग पुढची असणार. पुन्हा बार. प्रत्येक गोळीला ती टक् ऐकायच्या तयारीत होती आणि प्रत्येक वेळी खांद्याला धक्का बसत होता. शेवटची उरली तेव्हा तिची खात्रीच झाली. हीच ती.

तीही उडाली.

बाजूच्या पडद्यावर तिचे नेम उमटले. दहाही अगदी मधोमध. असे आकडे तिनं उभ्या आयुष्यात काढले नव्हते. क्षणभर ती बघतच राहिली आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खांदा एकदाही दचकला नव्हता. मुकी आत नव्हतीच. ती असेल या धास्तीनंच काम केलं होतं. चप्पल, शेजारीण, सगळा बनाव! तिला इतकं हलकं वाटलं की जागेसाठी नाचावं की यासाठी, तेच समजेना.

रायफल रिकामी करून दाखवली, परवानगी मिळाली, तशी ती दोरीकडे धावत सुटली.

"आई, काय नाटकी आहात हो तुम्ही! मुद्दाम केलंत ना? माझा खांदा हलू नये म्हणून आठवडाभर सगळ्यांना फिरवलंत!"

सासूबाईंनी वर बघितलं नाही. त्या जमिनीवर बसल्या होत्या. पर्समधलं सगळं सामान फरशीवर ओतलेलं होतं. चष्म्याचं घर, औषधांची पाकिटं, किल्ल्या, रुमाल, फुटक्या बिस्किटांचा पुडा. पर्सचं अस्तर उलटं करून त्या बोटांनी कोपरे चाचपत होत्या.

"मुकी सापडत नाहीये गं," त्या म्हणाल्या. "रात्री बाहेर काढून ठेवली की आतच राहिली, काही केल्या आठवेना."

सून त्यांच्याजवळ खाली बसली. तिचे आकडे मागे पडद्यावर तसेच झळकत होते. कुणीतरी तिचं अभिनंदन करायला आलं आणि दोघींकडे बघून तसंच परत गेलं.

"मग मला सांगायचं नाही का, आई?"

"लाज वाटली," सासूबाई म्हणाल्या. "तू काढून बघशील या आशेनं तर मघापासून तुझ्या हातांकडे बघत होते."